परतीचा प्रकाश

एक अणू धरून ठेवायचा, पण त्याला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. तो सेकंदाला दोनशे मीटर वेगाने धावत असेल, तर त्याला जवळजवळ उभे करायचे. आणि तो खरोखर किती थांबला, हे आकड्यांत सांगायचे. जवळजवळ पन्नास वर्षे जगातल्या काही प्रयोगशाळा हे काम करत आल्या आहेत. धरून ठेवण्याचे काम विजेचा सापळा करतो. थांबवणे आणि मोजणे ही दोन्ही कामे मात्र एकाच गोष्टीवर चालतात: अणूवर पडून परत येणाऱ्या प्रकाशावर.

हा विषय दिवाळी अंकात मांडावासा वाटला त्याचे कारण पवईत आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. रक्कम ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, मिशनची चार केंद्रे जाहीर झाली. क्वांटम संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, संदेशवहनाचे आयआयटी मद्रासकडे, पदार्थ आणि उपकरणांचे आयआयटी दिल्लीकडे गेले. चौथे, क्वांटम संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र, पवईच्या आयआयटीकडे आले. चारींत वर्तमानपत्रांना सर्वांत कमी आकर्षक वाटावा असा हाच विषय. संगणकाची बातमी होते, मोजपट्टीची होत नाही. मला मात्र वाटते की चारींच्या तळाशी हाच विषय आहे, आणि तो मुंबई-पुण्याच्या वाट्याला आला हे आपण नीट समजून घ्यायला हवे.

मिशनच्या उद्दिष्टांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: अतिसंवेदनशील चुंबकमापक आणि अचूक आण्विक घड्याळे. पहिल्याचे काम पवईत हिऱ्यांवर चालते. दुसऱ्याचे एक महत्त्वाचे काम पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत, एका आयनावर. हिरा आणि आयन दिसायला एकमेकांपासून फार दूर. तरी दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. ते समजायला आधी आयनाकडे जावे लागते, कारण तिथे ते सर्वांत उघडे दिसते.

सापळा

आयन म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा कमावलेला, म्हणून विद्युतभार असलेला अणू. भार आहे म्हणून त्याला विजेने धरता येईल असे वाटते, पण निसर्ग इथे आडवा येतो. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच दाखवून दिले होते की स्थिर विद्युतक्षेत्रात भारित कण कुठेही स्थिर समतोलात राहू शकत नाही. एका दिशेने तो आत ढकलला जात असेल, तर दुसऱ्या कुठल्या तरी दिशेने तो बाहेर निसटणारच.

बॉन विद्यापीठातल्या वोल्फगांग पॉल यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय काढला: क्षेत्र स्थिर ठेवायचेच नाही. ज्या दिशेने आयन निसटू पाहतो, ती दिशा तो निसटण्याआधीच बंद करायची आणि दुसरी उघडायची. पुन्हा उलट. हे सेकंदाला एक-दोन कोटी वेळा केले की सरासरीने आयन मधोमध राहतो. नोबेल व्याख्यानात पॉल यांनी हे समजावताना फिरत्या खोगीराच्या आकारावर टिकून राहणाऱ्या गोळीचा दाखला दिला होता. खोगीर थांबले की गोळी घरंगळते, योग्य वेगाने फिरत असेल तर टिकते. १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग पॉल आणि हान्स डेमेल्ट यांना आयन सापळ्यांसाठी मिळाला.

सापळ्याभोवती निर्वात लागते, आणि ते साधेसुधे नव्हे. दाब नेहमीच्या हवेच्या शंभर लाख कोटींव्या हिश्श्यापर्यंत उतरवावा लागतो, नाहीतर हवेचा भटका रेणू येऊन आयनाला धक्का देतो. त्यासाठी पोलादाची सगळी पेटी कित्येक दिवस दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसला तापवत ठेवतात. पोलादाच्या भिंतींना चिकटलेले पाणी तेव्हा कुठे बाहेर पडते. मुंबईच्या हवेत वाढलेल्या माणसाला हे पाणी किती चिवट असते ते सांगायला नको.

या पेटीत यटर्बियम या धातूचा कण तापवून त्याची थोडी वाफ सोडतात. ३९९ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा लेझर आणि त्याच्या जोडीला आणखी एक अतिनील लेझर मिळून वाफेतल्या एखाद्या अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. झाला आयन, आणि सापळ्याने त्याला पकडले. पण अजून तो थंड झालेला नाही. सामान्य तापमानाला १७१ वस्तुमानांकाच्या यटर्बियम आयनाचा वेग सेकंदाला सुमारे २०९ मीटर असतो.

उजेडाने गारवा

प्रकाश पडला की वस्तू तापते, हा आपला रोजचा अनुभव. प्रकाशाने अणू गार करता येईल हे १९७५ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडले गेले. थिओडोर हान्श आणि आर्थर शॉलो यांनी साध्या अणूंसाठी, डेव्हिड वाइनलँड आणि डेमेल्ट यांनी आयनांसाठी.

फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते, तेव्हा भोंग्याचा स्वर चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो. हाच डॉप्लर परिणाम प्रकाशालाही लागू आहे. यटर्बियमचा आयन ३६९.५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो, तोही अगदी ठरावीक वारंवारितेला. लेझर त्या वारंवारितेच्या किंचित खाली ठेवायचा. स्वस्थ आयन त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. लेझरकडे धाव घेणाऱ्या आयनाला मात्र तोच प्रकाश चढ्या स्वराचा वाटतो, त्याच्या पसंतीचा होतो, आणि तो फोटॉन गिळतो. फोटॉन समोरून आलेला असल्याने धक्का वेगाच्या विरुद्ध बसतो. मग आयन तो फोटॉन कुठल्याही दिशेला सोडून देतो, आणि असंख्य वेळा सोडण्याचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. उरतो तो फक्त अडवणारा धक्का.

मोकळ्या अणूला असे सहा बाजूंनी अडवावे लागते. सापळ्यातल्या आयनाला मात्र तिरक्या लावलेल्या एका शलाकेनेही भागते. तो झोपाळ्यासारखा पुढेमागे होतच असतो. तो आपल्याकडे येईल तेव्हाच हात आडवा केला, तर झोपाळा हळूहळू थांबतो.

किती धक्के लागतात? एका फोटॉनने आयनाचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मिलिमीटर बदलतो. २०९ मीटरचा वेग उतरवायला हिशेबाने ३३,००० फोटॉन हवेत. आयन फोटॉन गिळून तो सरासरी ८ नॅनोसेकंदांत परत सोडतो, म्हणजे कमाल गतीने सेकंदाला सुमारे सहा कोटी फोटॉनांची उलाढाल. नुसत्या भागाकाराने काम अर्ध्या मिलिसेकंदात संपले पाहिजे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, कारण वेगवान आयनाचा स्वर लेझरशी बहुतेक वेळ जुळतच नाही. तरीही शेवटी तो थांबतो असे म्हणावे इतका थांबतो. निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांश अंशावर डॉप्लर पद्धतीची हद्द येते. त्या तापमानाला आयनाचा वेग सेकंदाला २७ सेंटिमीटर उरतो.

आता या प्रकाशाचा जमाखर्च पाहा. आयनाकडे जाणारा प्रत्येक फोटॉन थोड्या कमी ऊर्जेचा, परत येणारा सरासरीने थोड्या जास्त ऊर्जेचा. हा फरक आयनाच्या हालचालीतून वजा झालेला असतो. म्हणजे खोलीत पसरणारा तो अतिनील उजेड आयनाची उष्णता बाहेर नेत असतो. आणि तोच उजेड भिंगाने गोळा केला की आयनाची हालचाल कळते. उष्णता आणि बातमी एकाच वाटेने बाहेर येतात. थंड करण्यासाठी एक आणि मोजण्यासाठी दुसरे असे दोन वेगळे प्रयोग इथे नसतातच.

प्रकाशाने आयन गार होतात हे १९७८ मध्ये दोन ठिकाणी सिद्ध झाले. अमेरिकेत बोल्डरला वाइनलँड, ड्रलिंगर आणि वॉल्स यांनी मॅग्नेशियमचे आयन ४० केल्विनच्या खाली उतरवले, तर जर्मनीत हायडलबर्गला नॉयहाउझर, होएनश्टाट, टोशेक आणि डेमेल्ट यांनी बेरियमवर हेच केले. १९८० मध्ये हायडलबर्गच्या गटाने एकट्या बेरियम आयनाचे छायाचित्रही प्रसिद्ध केले. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड नॅडलिंगर या संशोधक विद्यार्थ्याने साध्या कॅमेऱ्याने टिपलेला स्ट्रॉन्शियमचा एकच आयन ब्रिटनच्या एका विज्ञान छायाचित्र स्पर्धेत पहिला आला. दोन टोकांच्या मधला तो निळसर ठिपका जगभर पाहिला गेला.

हालचाल कशी वाचतात

तो ठिपका पाहून अणूच दिसला असे वाटते. खरे तर तिथे दिसतो तो फक्त परत आलेला प्रकाश. सेकंदाला दहा लाख वेळा डोलणारा यटर्बियम आयन डॉप्लर हद्दीपर्यंत थंड केला, तर त्याचे डोलणे सुमारे २५ नॅनोमीटरचे असते. ज्या प्रकाशाने तो पाहायचा त्याची तरंगलांबी ३६९ नॅनोमीटर. इतके बारीक डोलणे कॅमेऱ्याच्या चित्रात थेट वाचणे अवघडच. म्हणून ते प्रकाशाच्या प्रमाणातून, वेळेतून आणि स्वरातून काढावे लागते.

प्रकाशही मुबलक नसतो. चांगले भिंग लावले तरी चारी दिशांना फेकलेल्या शंभर फोटॉनांपैकी चारेक त्यात येतात. त्यांतला एखादाच पीएमटीला, म्हणजे एकेक फोटॉन मोजणाऱ्या नळीला, जाणवतो. शंभरातल्या त्या एकावर सगळी भिस्त.

पहिली तऱ्हा सर्वांत सोपी. लेझरची वारंवारिता हळूहळू वर न्यायची आणि उजेड मोजत जायचे. आयनाच्या आवडत्या वारंवारितेच्या खालून जवळ येताना उजेड वाढत जातो. ती ओलांडली की लगेच कोसळतो, कारण आता तोच लेझर आयनाला अडवण्याऐवजी पळवू लागतो. आलेखाची एक बाजू चढाची आणि दुसरी कड्यासारखी तुटलेली दिसते. चढाचा आकार तापमान सांगतो.

दुसऱ्या तऱ्हेत आयनाला हलकेच छेडतात. सापळ्याच्या एका धातूपट्टीवर अगदी क्षीण आंदोलता विद्युतदाब द्यायचा आणि त्याची वारंवारिता बदलत जायचे. ती आयनाच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली की आयन जोरात हलतो, स्वर बिघडतो आणि उजेड दबतो. जिथे दबला तो आयनाच्या डोलण्याचा आकडा.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत सुंदर वाटते. कुठलेही भटके विद्युतक्षेत्र आयनाला सापळ्याच्या मध्यापासून जरासे सरकवते. मग सापळ्याचे स्वतःचेच आंदोलन त्याला हलवू लागते. ही सूक्ष्म थरथर कितीही थंड केले तरी जात नाही, कारण तिला सापळा सतत खतपाणी घालत असतो. ती पकडण्यासाठी प्रत्येक फोटॉन सापळ्याच्या आंदोलनाच्या कुठल्या क्षणी आला याची नोंद ठेवतात. लाखभर नोंदी झाल्या की आलेख काढायचा. तो सपाट असेल तर आयन मधोमध आहे. त्यात लाट दिसली तर आयन थरथरतो आहे. मग बाजूच्या पट्ट्यांवरचा दाब थोडा थोडा बदलत लाट सपाट होईपर्यंत काम चालते. एकेकटा फोटॉन काहीच सांगत नाही. त्यांच्या येण्याच्या वेळा मात्र सगळे सांगतात.

चौथीत लेझर बंद करायचा आणि थांबायचे. अंधारात सापळ्याच्या पृष्ठभागावरच्या विद्युत गोंगाटाने आयन हळूहळू तापतो. मग लेझर लावला की उजेड एकदम पूर्ण तेजाने येत नाही. आयन पुन्हा थंड होईल तसा तो वाढत जातो. तो किती वेळात वाढला, यावरून अंधारात आयन किती तापला होता ते कळते. तापमापक आणि थंड करणारे यंत्र इथे अक्षरशः एकच.

पाचवी तऱ्हा पुंजभौतिकीच्या थेट गाभ्याशी नेते. डॉप्लर हद्दीवर आयनात डोलण्याच्या ऊर्जेचे सरासरी दहा कण असतात. अतिशय अरुंद प्रतिसादाची दुसरी वारंवारिता वापरली की मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी शिखरे दिसतात. एका बाजूच्या शिखरात आयन डोलण्याचा एक कण गमावतो, दुसऱ्यात कमावतो. दोन शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरातून सरासरी किती कण उरले ते निघते. गमावण्याचे शिखर नाहीसे झाले, म्हणजे आयनाकडे द्यायला काही उरले नाही. १९८९ मध्ये बोल्डरला डीड्रिश, बर्गक्विस्ट, इटानो आणि वाइनलँड यांनी पाऱ्याचा एक आयन या अवस्थेपर्यंत पहिल्यांदा नेला. पुढे २०१२ मध्ये वाइनलँड यांना सर्ज आरोश यांच्यासोबत नोबेल मिळाले, त्यामागे या घराण्याचे सगळे काम होते.

घड्याळ पुण्याला, फरक पवईशी

हे सगळे कशासाठी? सर्वांत थेट उत्तर घड्याळाचे आहे.

पुण्याच्या आयुकात सुभदीप डे यांच्या प्रयोगशाळेत यटर्बियमच्या एका आयनावर चालणारे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. या आयनात एक विलक्षण संक्रमण आहे. वरच्या पातळीवर गेलेला आयन आपोआप खाली यायला सरासरी दीड वर्षाहून जास्त वेळ घेतो. एवढे रेंगाळणारे संक्रमण फार अरुंद असते, आणि अरुंद असते म्हणून त्याची वारंवारिता फार नेमकी: सेकंदाला सुमारे ६४२ लाख कोटी आंदोलने. १९६७ पासून जगाचा सेकंद सीझियमच्या ९,१९२,६३१,७७० आंदोलनांवर ठरला आहे. नवी घड्याळे त्याच सेकंदाचे हजारो पटींनी बारीक तुकडे पाडतात.

अशा घड्याळात आयनाची हालचाल हा शत्रू असतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार चालते घड्याळ मंद पडते. सेकंदाला २०९ मीटर वेगाने धावणाऱ्या आयनाचे घड्याळ दिवसाला सुमारे २० नॅनोसेकंद मागे पडेल. उपग्रहाच्या दिशादर्शनात २० नॅनोसेकंद म्हणजे ६ मीटरची चूक. आयन डॉप्लर हद्दीपर्यंत थंड केला की हीच चूक पाच लाखांहून जास्त पटींनी कमी होते. मग सूक्ष्म थरथरीचा हिशेब सुरू होतो, आणि तो त्या फोटॉनांच्या आलेखातल्या लाटेवरून मांडतात.

घड्याळ वाचतातही आयनाच्या याच चमकेने, म्हणजे फ्लुओरेसन्सनेच. आधी सगळे थंड करणारे लेझर बंद करतात, कारण त्यांच्या उपस्थितीत संक्रमणाची वारंवारिता सरकते. अंधारात घड्याळाचा लेझर ठरावीक वेळ लावतात. मग पुन्हा ३६९ नॅनोमीटरचा प्रकाश. आयन चमकला, म्हणजे तो खालीच होता. काळा राहिला, म्हणजे तो वर गेला. एका प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर. असे हजारो प्रश्न विचारून लेझर नेमका आयनाच्या स्वरावर बसवत राहायचे. असे चमकणे-विझणे, एकाच आयनाच्या पुंज उड्या, १९८६ मध्ये तीन गटांनी प्रथम प्रत्यक्ष पाहिल्या.

मोजमाप एवढे बारीक झाले की भूगोलही घड्याळात दिसू लागतो. उंचीवर घड्याळ किंचित जलद चालते. २०१० मध्ये बोल्डरच्या दोन अ‍ॅल्युमिनियम आयन घड्याळांनी एकमेकांत ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक मोजून दाखवला. पुणे पवईपेक्षा सुमारे पाचशे मीटर उंच आहे. बोरघाट चढून गेलेले घड्याळ पवईतल्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण पाच नॅनोसेकंद पुढे जाते. आयनाच्या घड्याळाला हा फरक डोंगराएवढा मोठा आहे.

आणि हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहावरची, आयआरएनएसएस-१ए वरची, तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह दिशादर्शनाच्या मुख्य कामाचा राहिला नाही. देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ उपग्रह २९ मे २०२३ रोजी झेपावला. ज्या देशाला स्वतःचे घड्याळ करता येत नाही, त्याला जागा सांगण्यासाठीही दुसऱ्याकडे पाहावे लागते.

पवईतला हिरा

आता पवई. एका बाजूला तलाव, समोर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, त्यावर मेट्रो ६ चे काम, आणि मागे संजय गांधी उद्यानाच्या टेकड्या. विजेवर धावणाऱ्या गाड्या, जड वाहने आणि पावसाळ्यातला दमटपणा हे सगळे नाजूक मापनाचे वैरी. मुंबईत कॅमेरा बाळगणाऱ्याला लेन्सवरची बुरशी माहीत असते. शेकडो आरसे आणि भिंगे मांडलेल्या टेबलाला तर हवेचे तापमान आणि ओल बाराही महिने आवरून ठेवावी लागते.

आयआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या एका दोषावर काम करतो. हिऱ्याच्या कार्बनच्या जाळीत एका ठिकाणी कार्बनऐवजी नायट्रोजन बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. ही जोडी वागते एखाद्या पकडलेल्या अणूसारखी. तिला पकडायला निर्वात नको, विजेचा सापळा नको, आजूबाजूचा हिरा तिला धरून ठेवतो. तीही साध्या खोलीच्या तापमानाला.

५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकला की हा दोष लाल चमकतो. त्याच वेळी २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी दिल्या की लाल चमक मंदावते. जवळ चुंबकक्षेत्र असेल तर मंदावण्याची ती एक वारंवारिता दोहोंत फुटते, आणि त्या दोहोंतले अंतर क्षेत्राची ताकद सांगते. आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची. हिरवा प्रकाश दोषातल्या इलेक्ट्रॉनांना एका ठरावीक अवस्थेत आणतो, आणि त्याच हिरव्या प्रकाशाने उठलेली लाल चमक ती अवस्था वाचते. आयनाला थंड करणारा प्रकाशच त्याचे तापमान सांगतो. हिऱ्याला तयार करणारा प्रकाशच त्याचे उत्तर आणतो. पुण्याचा आयन आणि पवईचा हिरा इथे एका घराण्याचे ठरतात.

आयन अधिक शुद्ध आहे: यटर्बियम १७१ चा कुठलाही आयन जगात कुठेही तंतोतंत सारखा. हिऱ्यातला प्रत्येक दोष आपल्या शेजारपाजाऱ्यांमुळे थोडा वेगळा. पण हिरा एखाद्या चिपवर किंवा जिवंत पेशीशेजारी ठेवता येतो, आयन नाही. पवईच्या गटाने आयआयटी खरगपूरच्या संशोधकांसोबत सेकंदाहून कमी वेळात बदलणारी चुंबकक्षेत्रे अशा हिऱ्याने टिपण्यावर काम केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीसीएसने आयआयटी मुंबईबरोबर सेमीकंडक्टर चिपच्या आतले प्रवाह चुंबकीय चित्रांतून दाखवणारे उपकरण तयार करण्याचा करार जाहीर केला. चिप न फोडता आतला बिघाड शोधायचा, हा त्यामागचा उद्देश.

अ‍ॅना मणी

हिऱ्याच्या चमकेचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे, आणि त्यातला एक धागा पुण्यात येऊन मिळतो. १९४० मध्ये अ‍ॅना मणी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे व माणके यांच्या फ्लुओरेसन्सचा अभ्यास करू लागल्या. त्या काळी एकेका वर्णपटाच्या छायाचित्रणाला पंधरा-वीस तास लागत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. एमएस्सी झालेली नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली नाही.

१९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणे देशात बनावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटने त्यांनी तयार करवून घेतली, आणि उपकरणांची तुलना आणि तपासणी यांना कामाचा गाभा मानले. १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. हिऱ्याचा उजेड वाचणारी बाई पुढे पाऊस आणि ऊन मोजणाऱ्या उपकरणांच्या मागे उभी राहिली, यात मला खूप अर्थ दिसतो. मोजणे ही एक शिस्त आहे. ती एका विषयातून दुसऱ्यात जाते, एका पिढीतून दुसरीत जाते. पदवी नसली तरी जाते, पण हाताखाली माणसे तयार केली नाहीत तर मात्र जात नाही.

पुढची कामे

मुंबई-पुण्याकडे या विद्येची तयारी आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटाने लेझरने अणू थंड करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांची अतिशीत अणूंची प्रयोगशाळा आहे. मिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडलेल्या आठ नवउद्योगांत पुण्याचा क्यूप्रयोग प्रकाशीय घड्याळांवर काम करतो, तर आयआयटी मुंबईतून निघालेला डिमिरा टेक्नॉलॉजीज अतिशीत तापमानाच्या केबलींवर.

तरी एका आयनासाठी किती गोष्टी जुळवाव्या लागतात पाहा. थंड करणारा एक लेझर पुरत नाही. सरासरी दोनशे वेळांत एकदा आयन भलत्याच पातळीवर पडतो आणि विझतो. त्याला परत आणायला ९३५ नॅनोमीटरचा वेगळा लेझर लागतो. आयनीकरणाला दोन, घड्याळाला एक, शिवाय प्रत्येकाची वारंवारिता घट्ट धरून ठेवणारी यंत्रणा. निर्वाताचे पंप, फोटॉन मोजणाऱ्या नळ्या, कंपन शोषणारी टेबले. यातले पुष्कळसे अजून परदेशातून येते. एखादा लेझर दुरुस्तीला बाहेर गेला की प्रयोग महिनोन्‌महिने थांबू शकतो. म्हणून पवईच्या केंद्राचे यश मी शोधनिबंधांच्या संख्येवरून मोजणार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला आणि भोसरी-चाकणचा कारखानदार निर्वातपेटीचा जोड आणि भिंगाची बैठक विश्वासाने करून देऊ लागला का, आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा ऑप्टिकल टेबलावर आरसा नीट बसवू शकतो का, पदवीच्या वर्गातली मुलगी फोटॉनांच्या वेळांवरून आयनाची थरथर काढू शकते का, ही माझी मोजमापे.

यातल्या शेवटच्यासाठी मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. फोटॉनांच्या वेळांची नोंद ही शेवटी आकड्यांची यादी आहे. आयुका, आयसर आणि आयआयटीने आपापल्या जुन्या प्रयोगांच्या अशा याद्या राज्यभरच्या महाविद्यालयांना खुल्या केल्या, तर कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गात बसून खऱ्या आयनाचे तापमान काढता येईल. त्यासाठी सहा हजार कोटी लागत नाहीत. शिकवणारे शिक्षक, मराठीत लिहिलेली प्रयोगपुस्तिका आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारा प्रयोगशाळेतला एखादा माणूस लागतो.

आयनाच्या बाबतीत शंभरातला एक फोटॉन हाती लागतो आणि तरी सगळे कळते, कारण तो एक काळजीने मोजलेला असतो आणि तसे लाखो जमवण्याचा धीर धरलेला असतो. मिशनची मुदत २०३१ ला संपेल. तोपर्यंत हा धीर आणि ही काळजी किती हातांत उतरली, यावरच पुढच्या तीस वर्षांतले आपले विज्ञान ठरेल. हे हात तयार करण्याचे काम आजच्या आज महाविद्यालयांतून सुरू व्हावे, अशी माझी मागणी आहे. ती मी पवईच्या आयआयटीकडे करतो, राज्य सरकारकडे करतो, आणि आपल्या मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडेही करतो.